पोटरीतला गोळा आणि आपण

कलाशाखेच्या वार्षिकांकात स्नायूंच्या पेटक्यांवर लेख कशासाठी, असे कोणीही विचारील. या अंकाला कवितांचे दुर्भिक्ष कधीच पडलेले नाही. प्रवासवर्णने, श्रद्धांजल्या आणि ‘साहित्य व समाज’ या विषयावरचे निबंधही भरपूर येतात. शरीर हा विषय आपण विज्ञानशाखेच्या इमारतीकडे सोपवून मोकळे झालो आहोत. पण पेटका काही शाखा विचारून येत नाही. तो परीक्षेच्या मांडवात तिसऱ्या तासाला मनगटात येतो, क्रीडामहोत्सवात शेवटच्या फेरीला पोटरीत येतो, आणि घरी पहाटे तीन वाजता आईला झोपेतून उठवून बसवतो. ज्या गोष्टीने माणूस क्षणात जमिनीवर लोळतो तिच्याविषयी आपल्याला जवळजवळ काही ठाऊक नसावे, आणि जे थोडे ठाऊक असते तेही बहुधा खोटे असावे, हे मला सुशिक्षितांना शोभणारे वाटत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी भाषेची बाजू पाहू, कारण ती आपल्या अभ्यासक्रमातली आहे. या दुखण्यासाठी मराठीइतकी शब्दांची श्रीमंती मला इंग्रजीत आढळली नाही. धावताना किंवा झोपेत पोटरीत येतो तो गोळा, काही भागांत वांब. पोहणाऱ्याला येतो तो पेटका. हंडा उचलताना कमरेत भरते ती उसण. पाठीतून सर्रकन जाते ती चमक. उशी उंच झाली की धरते ती मान. पाऊल वाकडे पडले की भरते ती लचक. एकाच कुळातली ही दुखणी आमच्या आज्यांनी जागेवरून, वेळेवरून आणि कारणावरून वेगवेगळी ओळखली होती. आजी जेव्हा “उसण भरली” म्हणते तेव्हा तिने अर्धे निदान केलेलेच असते.

या कुळातल्या दोन सभासदांना तर आपण साहित्यात मानाचे पान दिले आहे. उचकी म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूचा झटका. आपण म्हणतो, कोणीतरी आठवण काढली. डोळा लवणे म्हणजे पापणीच्या स्नायूतील काही तंतूंची थरथर. जागरण, चहा आणि काळजी वाढली की ती वाढते. पण पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा लवला तर शुभ, हे शास्त्र आपल्या ओठांवर. ‘शाकुंतला’त आश्रमात पाऊल टाकताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि प्रेक्षकाला पुढचे कथानक कळते. कवीने स्नायूकडून हे काम करून घेतले याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती, कवी नसलेल्या माणसांनीही शरीराच्या तक्रारीला शकुन समजून गप्प बसण्याला.

वैद्यकाचे म्हणाल तर आपल्याकडे निरीक्षण जुने आहे. चरकसंहितेत वाताचे जे ऐंशी विकार मोजले आहेत त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ असा एक आहे. पिंडिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे पिळवटणे. ओला कपडा पिळावा तशी पोटरी पिळली जाते, हे ज्याने प्रथम लिहिले त्याला स्वतःला गोळा आलेला असणार, अशी माझी खात्री आहे. दोष त्या ग्रंथाचा नाही. दोष आपला असा, की एवढ्या बारकाईने ठेवलेल्या नावांपैकी आपण फक्त ‘वात’ हा एक शब्द उचलला आणि त्याने चौकशीचे दार बंद केले. “काय झालं?” “वात आहे.” संपले. पुढे कोणी विचारीत नाही की बाई, तू दिवसभरात पाणी किती प्यालीस?

आता स्नायू आवळतो कसा ते पाहू. मी मराठीचा विद्यार्थी, तेव्हा मला समजले तेवढेच सांगतो. इटलीतील बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने झटका देताना पाहिल्या आणि १७९१ मध्ये त्याविषयी लिहिले. स्नायूला हुकूम विजेच्या रूपाने मिळतो, हा विचार तेथून रुजला. पण हुकूम मिळाल्यावर स्नायू आत काय करतो, हे समजायला १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निरनिराळ्या जोड्यांचे लेख आले. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के होते, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. (हे दोन हक्सली एकमेकांचे नातलग नव्हेत.) दोघांचेही म्हणणे एकच होते: स्नायूतले धागे आक्रसत नाहीत, ते एकमेकांवर सरकतात. मायोसिनचे जाड धागे अॅक्टिनच्या बारीक धाग्यांना पकडून खेचतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. विहिरीवर दोर ओढणाऱ्या माणसाचे हात जसे एकापुढे एक पडतात, तसे.

या सगळ्यात मला चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. आपली समजूत अशी की आवळायला कष्ट पडतात आणि सैल पडणे फुकट असते. शरीरात तसे नाही. पकडलेला धागा सोडण्यासाठी एटीपी नावाचे इंधन लागते, आणि आवळण्याची खूण म्हणून पेशीत सुटलेले कॅल्शियम पुन्हा कोठीत भरायलाही तेच लागते. माणूस मेल्यावर काही तासांनी प्रेत ताठ होते ते याच कारणाने. इंधन संपलेले असते, धागे धरलेले असतात आणि सोडायला कोणी नसते. म्हणजे विश्रांती हीसुद्धा शरीराला खर्चात धरावी लागणारी बाब आहे. आमच्याकडे विसावा मागणाऱ्याला आळशी म्हणण्याची जी रीत आहे, तिला स्नायूंचा पाठिंबा नाही.

मग गोळा का येतो? येथे शास्त्रज्ञांत दोन पक्ष आहेत, आणि दोघांच्याही हातात काही पुरावा आहे.

पहिला पक्ष मिठाचा. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील खोल कोळसा खाणींत उकाड्यात काम करणाऱ्या मजुरांना हातापायांना आणि पोटाला भयंकर पेटके येत. जहाजांच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. हे लोक तहान लागली म्हणून भरपूर पाणी पीत. तरी, किंबहुना त्यामुळेच, पेटके येत. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि नेव्हिल मॉस यांनी याचा माग काढला तेव्हा दिसले ते असे: घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, भरून काढले जाते ते नुसते पाणी, उरलेले मीठ आणखी पातळ होते आणि स्नायू बंड करतात. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर मजुरांना आराम पडला. या हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, १९६१ मध्ये येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. बापलेक दोघेही स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्यासाठी प्रसिद्ध होते.

पटकीच्या साथीत रोग्याच्या हातापायांना पेटके येतात, तेही शरीरातील पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी शिरेतून द्यायची सलाईन अपुरी पडल्यावर मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा: हे घरगुती माप प्रत्येक विद्यार्थ्याला पाढ्यासारखे पाठ पाहिजे. महालनोबीस २०२२ मध्ये गेले; पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले.

दुसरा पक्ष मज्जातंतूंचा. त्यांचे म्हणणे, थंड हवेत, भरपूर पाणी पिऊनही धावपटूंना पेटके येतात, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर रक्त तपासले तर पेटका आलेल्या व न आलेल्या धावपटूंच्या क्षारांत म्हणावा तसा फरक दिसत नाही. शिवाय मीठ साऱ्या शरीरातून गेले असेल तर गोळा एकट्या डाव्या पोटरीतच का? दक्षिण आफ्रिकेतील श्वेलनस यांनी १९९७ मध्ये मांडले की दमलेल्या स्नायूकडून मज्जारज्जूकडे जाणारे निरोप बिघडतात. ‘आवळ’ असे सांगणारा निरोप वाढतो आणि ‘पुरे’ असे सांगणारा, कंडरेतून येणारा निरोप मंदावतो. स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल तर तो दुसरा निरोप आणखीच क्षीण होतो. रात्री झोपेत जड पांघरुणाखाली पाऊल खाली वळलेले असते, पोटरी आखूड झालेली असते, आणि आपण जरा पाय ताणायला जातो तोच गोळा येतो, त्याचे स्पष्टीकरण यात मिळते.

या पक्षाला बळ देणारा एक गमतीचा प्रयोग अमेरिकेत २०१० मध्ये झाला. विजेने मुद्दाम पेटका आणून काहींना पाणी पाजले आणि काहींना काकडीच्या लोणच्याचे आंबट-खारट पाणी. लोणच्याच्या पाण्याने पेटका लवकर, दीड मिनिटाच्या आत, सुटला. एवढ्या वेळात ते पाणी पोटातून रक्तात पोचणेही शक्य नव्हते. तेव्हा तर्क असा, की घशाला लागलेल्या झणक्याने मज्जातंतूंकडे काही संदेश जाऊन स्नायूवरचा हुकूम उठतो. आमच्या घरात लिंबाची जुनी फोड चोखायला देतात ती बहुधा तोंडाला चव यावी म्हणून. पण पेटक्यावर ती अगदीच वाया जात नसेल असे मला वाटू लागले आहे.

माझे मत विचाराल तर दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू नाहीत. उन्हात आठ तास राबणाऱ्याच्या अंगभर येणाऱ्या पेटक्यांना पहिले उत्तर लागू पडते, आणि मैदानावर एका पायात येणाऱ्या गोळ्याला दुसरे. गोंधळ होतो तो एकाचे औषध दुसऱ्याला दिल्याने.

उपायाचे म्हणाल तर तो इतका साधा आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. आवळलेल्या स्नायूला हळूहळू, झटका न देता ताणून धरायचे. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा स्वतःकडे ओढायचा आणि अर्धा-एक मिनिट तसाच धरून ठेवायचा. हात पोचत नसेल तर चवड्याला पंचा अडकवून ओढायचा. उभे राहता येत असेल तर भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पुढे झुकायचे. मांडीच्या मागे आला तर बसून पाय लांब करायचा. पुढच्या बाजूला आला तर उभे राहून टाच पाठीमागे कुल्ल्याकडे न्यायची. ताण सुरू झाला की कंडरेतला ‘पुरे’ म्हणणारा निरोप पुन्हा जातो आणि स्नायू ऐकतो. मग हलक्या हाताने चोळा, कोमट शेक द्या, थोडे चाला. गोळा गेल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत पोटरी दुखते. तो नवा रोग नव्हे, आदल्या ओढाताणीचा ठणका आहे. पोहताना पेटका आला तर धडपडू नये, उताणे होऊन तरंगावे आणि मग पाऊल ओढावे.

हे मी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पाहिले. डोंगरउतारावर समतल चर खणण्याचे श्रमदान चालू होते. अकराच्या सुमारास आमच्यातला एक दणकट मुलगा कुदळ टाकून खाली बसला आणि ओरडू लागला. चौघे धावले. एकाने पोटरीवर बुक्क्या मारल्या, दुसऱ्याने बाटलीभर पाणी डोक्यावर ओतले, तिसरा हसत होता. पलीकडे शेळ्या राखणारी एक आजी आली. “सरा रं बाजूला,” म्हणाली, खाली बसली, त्याची टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या तळव्याने चवडा वर रेटला. मिनिटभरात पोरगा गप्प. मग तिने आपल्या पिशवीतले ताक त्याला दिले. मीठ घातलेले होते. उठताना तिने आम्हांला विचारले, “पायाळू न्हाई का कुनी तुमच्यात? कंबर धरलीया माजी चार दिस.”

पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला माणूस, आणि त्याने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण जाते ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. त्या दिवशी एकाच बाईच्या ठिकाणी मी दोन्ही गोष्टी पाहिल्या: दुसऱ्याच्या पोटरीवर अचूक उपाय, आणि स्वतःच्या कमरेसाठी पायाळूची वाट. आमच्यातल्या काहींना हे हास्यास्पद वाटले. मला वाटले नाही. कमरेची उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप उतरते. पायाळू चौथ्या दिवशी भेटला तर श्रेय त्याचे. आणि खरे सांगायचे तर शहरातल्या शिकलेल्यांचा उपायही फार निराळा नव्हता. कंबर धरली की फळीवर आठवडाभर निजून राहा, हा सल्ला डॉक्टर मंडळीच देत असत. १९८६ मध्ये अमेरिकेत तपासून पाहिले तेव्हा दोन दिवस झोपलेले आणि सात दिवस झोपलेले सारखेच बरे झाले. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी पडले. १९९५ मध्ये हेलसिंकीत आढळले की सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सुधारले. म्हणजे शेळ्यांमागे चालत राहणारी ती आजी नकळत योग्य तेच करीत होती. तिला पायाळूची गरज नव्हती. गरज होती ती तिचे चालणे हाच उपचार आहे असे तिला कोणी सांगण्याची.

औषधांविषयी थोडक्यात. हिवतापावरचे कोयनेल रात्रीच्या गोळ्यांवर पुष्कळ वर्षे दिले गेले. त्याचा थोडा गुण येतो, पण रक्तातील बिंबिका घटणे, हृदयाचे ठोके बिघडणे असे गंभीर अपाय होतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या वापराविरुद्ध अनेकदा, २०१० मध्येही, इशारा दिला. मॅग्नेशियमच्या गोळ्या आज मोठ्या दिमाखात विकल्या जातात. वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसत नाही, असाच आजवरच्या प्रयोगांच्या एकत्रित पाहणीचा निष्कर्ष आहे. झोपण्यापूर्वी पोटरी व मांडी ताणण्याने काही प्रयोगांत फायदा दिसला, काहींत दिसला नाही; नेदरलँड्समधील २०१२ च्या प्रयोगात सहा आठवड्यांत वृद्धांचे गोळे कमी झाले. फुकटचे आहे, करून पाहावे. स्नायू सैल करणाऱ्या म्हणून दुकानदार देतो त्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन मोटारसायकलवर बसू नये, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळात घेऊच नयेत.

आणि प्रत्येक पेटका साधा नसतो, हेही सांगितले पाहिजे. एकच पोटरी सुजून गरम आणि लाल झाली तर ती शिरेत रक्त गोठल्याची खूण असू शकते. तिला चोळत बसू नये. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा जांघेभोवती बधिरता आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबले की सुटते, तेथे रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. मूत्रपिंडाचे रोगी, गरोदर स्त्रिया, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारे यांचे पेटके डॉक्टरांच्या कानावर घालावेत. जखमेनंतर जबडा आवळू लागला तर मात्र क्षणाचा विलंब नको. ‘धनुर्वात’ हा शब्द ज्याने घडवला त्याने शरीराची कमान झालेली पाहिली होती. बाळंतिणी आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते २०१५ मध्ये. म्हणजे आजच्या प्रथम वर्षाच्या मुलांच्या जन्मानंतर, बरे का.

आता आपल्या हाताकडे येऊ. तीन तास उत्तरपत्रिका लिहून बोटे आखडतात तो साधा थकवा. हात झटकला, पंजा उघडमीट केला की जातो. पण काहींच्या बाबतीत लेखणी हातात धरली की बोटे वेडीवाकडी आवळतात आणि तोच हात दुसरे कोणतेही काम सुरळीत करतो. हा लेखनिकाचा पेटका. इटलीचा वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या रोगांवरच्या आपल्या ग्रंथात १७१३ मध्ये कारकुनांच्या दुखण्यांची कारणे दिली आहेत: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांनी यात बदलावे असे काही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोष पोलादी निबांना दिला गेला. मग तारखाते आले आणि तारयंत्र्यांच्या मनगटात तोच पेटका आला. १९०८ मध्ये ब्रिटनने तो नुकसानभरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत घातला. त्यानंतर तक्रारी एवढ्या वाढल्या की १९११ मध्ये चौकशी समितीला अहवाल द्यावा लागला. समितीने कारणे दोन सांगितली. एक, पुनःपुन्हा येणारा थकवा. आणि दुसरे, त्या कामगाराचाच मज्जासंस्थेचा दुबळेपणा.

हे दुसरे कारण नीट पाहा. यंत्र वेगाने चालवायला सांगणारा धडधाकट; ते चालवून हात वाकडा झालेला दुबळा. आज मेंदूच्या अभ्यासकांना हे समजते की अतिसराव झालेल्या हालचालीत बोटांचे मेंदूतले नकाशे एकमेकांत मिसळू शकतात. संगीतकार रॉबर्ट शूमान याचे पियानोवादन १८३२ च्या सुमारास उजव्या हाताच्या बोटामुळे संपले, ते याच जातीचे दुखणे असावे असे पुष्कळांना वाटते. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाचा उजवा हात १९६४ मध्ये असाच गेला; पुढे बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेच्या टोचण्यांनी तो पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. शूमानला कोणी दुबळा म्हणत नाही. कारकुनाला म्हणतात.

आपल्या मैदानावर मी हेच ऐकतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याला आणि दुपारी मैदानात धावतात; मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांतली कित्येक मुले ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची. एकाला गोळा आला की बाकीचे म्हणतात, “दम नाही गड्यात.” पाणी पिऊन धावले तर पोटात कळ येते म्हणून कोणी पाणी पीत नाही, आणि नंतर तहानेने व्याकूळ होऊन एकदम दोन लिटर नुसते पाणी ढोसतात, जसे ते खाणमजूर ढोसत. उन्हातला पेटका ही पहिली घंटा असते. ती ऐकली नाही तर पुढे मळमळ, चक्कर, आणि त्यापुढे उष्माघात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटरच्या धावेत उमेदवार कोसळून मृत्युमुखी पडले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. त्या मुलांतही दम होता. नसता तर ती अर्ध्यातच बसली असती आणि आज जिवंत असती.

मुलींचे दुखणे आणखी वेगळे आहे आणि त्याविषयी लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो. आमच्या वर्गातल्या मुली सकाळी सातची एस.टी. पकडतात आणि संध्याकाळी पाचला घरी पोचतात. मधल्या वेळात त्या पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे. प्यायले तर जायचे कोठे, म्हणून. स्थानकातले स्वच्छतागृह जाण्याजोगे नसते, आणि मैदानाजवळचे कुलूपबंद असते. मग दुपारी कबड्डीच्या सरावात पायात गोळे आले की प्रशिक्षक म्हणतात, आहार सुधारा, केळी खा. केळे वाईट नाही. पण कुलूप केळ्याने उघडत नाही. २०१९ पासून केरळातील शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवतात असे वाचले. घंटा सोपी आहे; तिच्याबरोबर किल्लीही हवी.

दरवर्षी क्रीडामहोत्सवासाठी थंडगार फवाऱ्याच्या नळकांड्या, क्रेप बँडेज आणि चषक यांची खरेदी होते. फवाऱ्याने कातडीला गार वाटते. घामाबरोबर गेलेले मीठ किंवा दमलेल्या स्नायूची उसंत त्यातून मिळत नाही. त्याऐवजी मैदानाच्या कडेला सावलीत पाण्याचे दोन पिंप, एक मिठाची आणि एक साखरेची बरणी, लिंबे, नाहीतर ताकाचा हंडा ठेवला तर खर्च चषकांहून कमी येईल. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मिठाचे पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढी पाटी तेथे लावावी. सरावाची वेळ उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर असावी. नव्या मुलांना पहिला आठवडा-पंधरवडा अर्ध्या ताकदीनेच पळवावे, कारण उन्हाची सवय व्हायला शरीराला तेवढे दिवस लागतातच. आणि परीक्षेच्या मांडवात तरी टेकायला पाठ असलेली बाके मिळावीत.

मैदानाच्या पूर्वेकडील भिंतीला नळाची जुनी जोडणी आहे. तोटी गेली आहे, पण नळ आतून शाबूत आहे, हे आम्ही प्लंबरला बोलावून पाहून घेतले. स्वच्छतागृहाची एक किल्ली कार्यालयात असते आणि कार्यालय साडेपाचला बंद होते. दुसरी किल्ली मुलींच्या प्रतिनिधीकडे द्यावी असा अर्ज तेवीस सह्यांनिशी दिला आहे. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.